राहिलेले बटण

दोमितिला अकेयोकडे दुरुस्तीला आलेला कपडा तिने कधी अर्धवट ठेवला नाही. एकच बटण राहिले, आणि ते तिने मुद्दाम ठेवले होते.

कोलुंगा या आमच्या गावी सरोवराच्या किनाऱ्यावर, जिथे होड्या वर ओढून ठेवतात, तिथल्या उंबराखाली ती हाताने फिरवायचे मशीन घेऊन बसायची. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावाने हाक मारतात. ती उयोमाची लेक, म्हणून सगळा गाव तिला न्यार उयोमा म्हणे, नवरासुद्धा. मी गावच्या शाळेत शिकवत असे, म्हणून तिच्यासाठी मी बाई. तिचे घर आणि माझे घर यांच्या मध्ये फक्त शेराचे कुंपण होते.

शहरातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येत, दूरच्या देशांतल्या गोऱ्यांनी टाकून दिलेले. आमच्या आया म्हणायच्या, हे मेलेल्या माणसांचेच कपडे असणार, नाहीतर इतका चांगला कोट कोण टाकेल? नंतरच्या बायका त्यावर हसायच्या. दोमितिला हसत नसे. गठ्ठ्यातला प्रत्येक कपडा ती तीन पाण्यांनी धुवायची आणि शेराच्या कुंपणावर उलटा टांगायची, खांदे खाली करून. पहिला मालक गळून जायला हवा, असे तिचे म्हणणे होते.

"न्यार उयोमा, गोरा गळाला का सगळा?" गिऱ्हाईक विचारी. "बाही अजून ओली लागतेय."

"गळाला. पोट तेवढं मोठं होतं त्याचं, ते राहिलंय. तू भरून काढ."

तिचा नवरा ओग्वेनो मासेमारी करायचा. उंच, अंगाने भरलेला माणूस. माझ्या दारातून आत येताना त्याला वाकावे लागे. त्याचा तपकिरी कॉर्डरॉयचा कोट असाच गठ्ठ्यातून आलेला होता. अस्तर फाटले तेव्हा दोमितिलाने पिठाच्या पोत्याचे कापड आतून लावले, त्यावर गिरणीची लाल अक्षरे उलटी दिसत. पहाटे सरोवरावर वारा बोचतो म्हणून तो कोट घालून जायचा, आणि परत आला की दारातच काढून जिथे पडेल तिथे फेकायचा. कधी कोंबड्यांच्या खुराड्यावर, कधी चुलीजवळ. ती उचलून खिळ्याला अडकवायची आणि बडबडायची. त्या कोटाला रॉकेलचा, माशांचा आणि तंबाखूचा वास होता. त्याचा वास म्हटले तरी चालेल.

ज्या वर्षी जलपर्णीने आमचा किनारा झाकला, त्या वर्षीची गोष्ट. पाणी दिसेनासे झाले होते. हिरव्या गालिच्यावर पाखरे चालत, आणि तो गालिचा वाऱ्याबरोबर जागा बदलत असे. सकाळी मोकळी असलेली वाट दुपारी बंद व्हायची. त्या वर्षी हसणे कमी झाले होते. होड्या निघताना बायका किनाऱ्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहत.

एका पहाटे ओग्वेनोच्या निघायच्या वेळी कोटाचे दुसरे बटण दोऱ्यावर लोंबत होते. मी तेव्हा तिच्याच अंगणात होते.

"हे लावून ठेव," ओग्वेनोने कोट तिच्या मशीनवर टाकला. "वारा तिथूनच आत घुसतो."

"आत्ता लावते, थांब."

"होडी थांबत नाही, न्यार उयोमा. आल्यावर घालतो."

तो बनियन आणि जुन्या शर्टावर गेला. दुसऱ्या दिवशी होडी उलटी सापडली. बरोबरचे दोघे जलपर्णीत अडकलेले मिळाले. ओग्वेनो मिळाला नाही.

पुष्कळ शोधले. जलपर्णी कापून कापून माणसांचे हात सुजले. मग शोधणारे एकेक करून घरी बसू लागले, आणि ओग्वेनोचा थोरला भाऊ ओसेवे तिच्या अंगणात येऊन स्टुलावर बसला.

"किती वाट बघायची?" तो म्हणाला. "पाणी देत नाही. तुझ्या पोराचं, आपोलोचं लग्न थांबलंय, पेरणी थांबलीय. मेलेला पुरला नाही तर घरातलं पुढचं काही करता येत नाही, तुला माहीत आहे."

"थांबू दे, भाऊजी."

"तू थांबशील. ते थांबत नाही."

ते म्हणजे काय, हे त्याने सांगितले नाही. आमच्याकडे त्याचे नाव सहसा घेत नाहीत. रीत मोडली की घरातले कुणीतरी झिजायला लागते, बहुधा सगळ्यांत लहान मूल. दवाखान्यात काही सापडत नाही. मी नन्सच्या शाळेत शिकलेली, मला हे सगळे अज्ञान वाटायला हवे होते. तरी मीही त्याचे नाव घेत नाही.

प्रेत नसेल तेव्हा आम्ही यागोच्या झाडाचे फळ पुरतो. दुधीसारखे लांबट, पण तान्ह्या मुलाइतके जड. त्याला त्या माणसाचे कपडे घालतात, त्याच्या नावाने रडतात, आणि मग तो माणूस मेला. हे काम न्यासेंबो करायची, मेलेल्यांना कपडे घालणारी म्हातारी. तिने ओग्वेनोचा निळ्या रेघांचा शर्ट फळाभोवती गुंडाळला आणि सगळी बटणे लावली. फळाला खांदे नव्हते, शर्ट सारखा घसरत होता.

"कोट कुठे आहे त्याचा?" न्यासेंबोने विचारले.

दोमितिला म्हणाली, "अंगावरच होता."

सगळ्यांना ते पटले. तो कोटाशिवाय पाण्यावर गेला असेल असे कुणाच्या मनात येणे शक्य नव्हते. मी तिच्याकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

"मग बरं," म्हातारी शर्टाची कॉलर सारखी करत म्हणाली. "माणूस ज्यात राहायचा ते घरात राहिलं, तर तो मागायला येतो."

खड्डा बुजला. घराच्या उजव्या हाताला मातीचा उंचवटा झाला.

आमच्याकडे विधवेचे सुतक तारखेने संपत नाही. नवरा स्वप्नात यावा लागतो. तो आला, भेटला, की तिचे डोके भादरतात आणि ती मोकळी होते. तोवर तिने दुसऱ्याच्या घरी बसायचे नाही, लग्नात जायचे नाही. त्यामुळे पाणवठ्यावर बायका तिला रोज एकच प्रश्न विचारायच्या, आणि त्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता.

"आला का?"

"नाही."

"मनातून हाक मार की जरा. का ओसेवे आवडत नाही?" कुणीतरी खिदळे. मोकळी झालेली विधवा दिराच्या आधाराने राहते, ही रीत.

"ओसेवेला आधी स्वतःच्या दोन बायकांना आधार देऊ दे," ती म्हणे आणि घागर उचले.

ती माझ्याकडे येऊ शकत नव्हती, म्हणून मीच जायची. एकदा तिने कणगीच्या तळातून कोट काढून मला दाखवला. बाह्या कोपरात वाकलेल्या होत्या, जणू आत हात आहे. खिसा त्याच्या मुठीएवढा फुगलेला होता. ती रोज तो कुशीत घेऊन झोपायची.

"धुतला नाहीस?"

"गोऱ्यांना मी धुऊन घालवते, बाई. याला कशाला धुऊ?"

मला शाळेतली काचेची पेटी आठवली. तिच्यात एका संत बाईच्या झग्याचा नखाएवढा तुकडा होता, आणि सणाच्या दिवशी आम्ही मुली रांगेने त्या काचेवर ओठ टेकवायचो. सिस्टर प्रत्येकीनंतर काच पुसायच्या. चेहरा आठवेनासा होतो, आवाज तर त्याआधीच जातो. कापड मात्र जसे होते तसे राहते, बिचारे काही बोलत नाही आणि म्हातारेही होत नाही. माझा नवरा गेला तेव्हा मी रीतीप्रमाणे त्याचे सगळे कपडे वाटून टाकले. पुढे बरीच वर्षे रस्त्यात कुणाच्या तरी पाठीवर त्याचा शर्ट दिसला की मी त्या पाठीमागे पाय उचलून चालू लागायची.

"बटण तरी लाव," मी म्हणाले. ते अजून तसेच लोंबत होते.

"त्याने सांगितलंय, लावून ठेव, आल्यावर घालतो. मी लावलं की काम संपलं, बाई. काम बाकी आहे तोवर त्याला यावं लागेल."

तिची वाट पाहणे अशा एका दोऱ्यावर लोंबत होते.

आपोलोचे लग्न झाले, मुलगा झाला. ते बाळ थांबेचना. दिवसभर रडायचे, दूध घ्यायचे नाही. अशा वेळी आमच्याकडे घरातल्या मेलेल्यांची नावे एकेक करून बाळाजवळ घेतात. ज्या नावाला ते गप्प होते, ते नाव त्याचे. मी दारात उभी होते. आजोबा-पणजोबांची नावे झाली, बाळ रडतच होते. ओसेवे वाकून म्हणाला, "ओग्वेनो?" आणि बाळ गप्प झाले.

"आला बघ घरी," ओसेवे हसला. "न्यार उयोमा, आता तरी हस."

ती हसली नाही. संध्याकाळी कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, "मेलेल्याचंच नाव घेता येतं, बाई. नाव एक आणि माणसं दोन झाली तर?"

"देवाकडे नावं कमी नाहीत."

"देवाकडे नसतील. आमच्या घरात कमी आहेत."

बाळ दूध घेऊ लागले. पण तेव्हापासून ती पाणवठ्यावर जाताना वाटेकडे पाहायची ते वेगळ्या तऱ्हेने. आधी कुणी यावे म्हणून पाहायची. आता मला वाटे, कुणी येत तर नाही ना, हे पाहतेय.

तो बाजाराच्या दिवशी आला. दुपार होती, गाव रिकामे, ऊन असे की कोंबड्यासुद्धा सावलीतून हलत नव्हत्या. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते.

"बाई, पाणी मिळेल?"

दारात एक वाळलेला, पिकल्या केसांचा माणूस वाकून उभा होता. वाकायची गरज नव्हती. खांदे पडून तो आता तेवढा उंच राहिला नव्हता. पण माझ्या दारात ज्याला वाकायची सवय होती असा एकच माणूस मला माहीत होता. माझ्या हातातले सूप खाली पडले.

"धक्क्यावर एक बाई मला बघून पाटी टाकून पळाली," तो म्हणाला. "म्हटलं, आधी बाईंकडे जावं. मला पुरलं का?"

"पुरलं."

"कशात?"

"निळ्या रेघांच्या शर्टात."

"काखेत काचायचा तो मला," ओग्वेनो म्हणाला. मग, "आणि कोट?"

"कोट आहे."

तेव्हा तो खाली बसला. पाणी पिताना त्याचे दात पेल्यावर वाजत होते, त्या उन्हात. उलटलेल्या होडीपासून त्याला पलीकडच्या किनाऱ्याच्या होडीने उचलले होते, आणि ज्यांनी उचलले त्यांनी सरोवरातल्या कुठल्याशा बेटावर कामाला ठेवून घेतले होते. निरोप पाठवला होता म्हणे. तो कुणी आणला नाही. एवढेच त्याने सांगितले. पुरलेला माणूस परत फाटकातून आत जाऊ शकत नाही, हे मी त्याला सांगायची गरज नव्हती. फाटकाकडे त्याने पाहिलेसुद्धा नव्हते.

कुंपणापलीकडे बाळ रडू लागले. सून बाजारात गेली होती, दोमितिला त्याला थोपटत होती.

"गप रे, ओग्वेनो, किती रडशील? ओग्वेनो."

"ओ," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून आपसूक निघाले, जन्मभराची सवय. पलीकडचे रडणे एकदम थांबले. मी वाट पाहिली, आता पुन्हा सुरू होईल म्हणून. झाले नाही.

मी कुंपणापाशी गेले आणि तिला म्हणाले, "कोट घेऊन ये." एवढेच. ती काही न विचारता घरात गेली. शेराची एक फांदी मोडली होती तिथे खिंडार होते, त्यापाशी ती बाळाला पाठीला बांधून आली. शेराचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून तो मान वळवून उभा होता. तिने त्याला नीट पाहिले. तिच्या तोंडावर मला आनंद दिसला, खोटे कशाला सांगू. ओळख पटल्यावर दिसला आणि तिथेच थिजला.

तिने खिंडारातून कोट पुढे केला. त्याने घातला. ज्या कोटाने इतके दिवस त्याचे अंग सांभाळून ठेवले होते, तो त्याच्या अंगावर लोंबू लागला. बाह्यांची कोपरे त्याच्या कोपरांच्या खाली आली. त्याने कॉलर नाकाशी नेली.

"तुझा वास येतोय याला," तो म्हणाला. मग खाली पाहिले. "अजून बटण लावलं नाहीस."

"तू येईपर्यंत ठेवलं होतं."

"आलो ना."

तिचा हात मागे गेला होता, पाठीवरच्या बाळाच्या पायाशी. बाळ रडत नव्हते, झोपलेही नव्हते. डोळे उघडे ठेवून कोटाकडे पाहत होते.

"बाई, याचा पाय बघा."

मी खिंडारातून हात घालून पाहिला. पाय थंडगार होता. लहान मुलांचे पाय थंड पडतात, मी शेकडो पोरे हाताळली आहेत. "काही नाही," मी म्हणाले, "कपड्याने आवळला असेल." पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

"माझं नाव ठेवलंय?" त्याने विचारले.

"तुझ्या नावाला गप्प झाला."

"हुशार आहे मग."

"काढ," दोमितिला म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिले.

"कोट काढ, ओग्वेनो. माझ्या घरात एकच ओग्वेनो राहू शकतो."

तिने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली असेल. त्याने कोट काढला. फेकला नाही. बाह्या आत घेतल्या, कॉलर वर केली, मांडीवर धरून चौकोनी घडी घातली, जशी कुणाच्या तरी धाकाने रोज घालावी लागते तशी. ती घडी पाहून दोमितिलाने तोंडावर हात धरला. एवढ्या वेळात तेवढे एकदाच.

घडी त्याने माझ्या हातात दिली. "न्यार उयोमा, थंडी वाजते गं फार," असे म्हणाला आणि बनियनवरच पाण्याच्या दिशेने गेला, रस्त्याने नाही, लव्हाळ्यांतून. त्याची पाठ दिसेनाशी झाली तेव्हा बाळ रडू लागले, चांगले जोरात. दोमितिलाने त्याचा पाय पुन्हा चाचपला आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले. न्यासेंबो तिथेच बसली होती.

"आला का?" तिने सवयीने विचारले.

"आला," दोमितिला म्हणाली.

घागरी खाली ठेवल्या गेल्या. बायका जवळ आल्या.

"काय म्हणाला?"

"कोट मागितला. त्याला थंडी वाजत होती."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," न्यासेंबो म्हणाली. "गारठलाय तो. आता कोट कुठून द्यायचा?"

"माझ्याकडे आहे. मी लपवला होता."

त्यावर तिला कुणी बोल लावला नाही. नवऱ्याचा कपडा लपवणारी ती पहिली नव्हती. सगळ्यांना सुटल्यासारखे झाले. ‘आला’ या एका शब्दात एकही खोटे अक्षर नव्हते, आणि त्या शब्दाने तो माणूस कायमचा मेला.

तिचे डोके भादरले. उंचवट्याच्या डोक्याकडच्या बाजूला ओसेवेने खड्डा खणायला घेतला. त्याआधी दोमितिलाने कोट धुतला. तीन पाण्यांनी. पहिले पाणी काळे निघाले, रॉकेल आणि तंबाखूचे, दुसरे तपकिरी. तिसरे स्वच्छ निघेपर्यंत ती पिळत राहिली. मग खांदे खाली करून कुंपणावर उलटा टांगला, त्याच खिंडाराशेजारी. दिवसभर त्याच्या कॉलरमधून थेंब गळत होते आणि ती उंबराखाली न जाता त्याच्यासमोर बसून होती.

"पक्का दोरा असेल तर द्या, बाई," संध्याकाळी तिने कुंपणापलीकडून सांगितले. मी दिला. तिने बटण हाताने लावले, मागून पुढे, पुढून मागे, शेवटी दाताने दोरा तोडला. मग कोट खड्ड्यात गेला. वर माती पडताना ओसेवे म्हणाला, "आता उबेत राहील." ती मातीकडे नाही, सरोवराकडे पाहत होती. वारा फिरला होता, आणि जलपर्णी पुन्हा धक्क्याकडे सरकत होती.

त्यानंतर त्याची काही बातमी आली नाही. ना जिवंत असल्याची, ना पाण्यात सापडल्याची.

पोर वाढले. आता तो उंच झाला आहे, अंगाने भरलेला, आणि घरात शिरता शिरता शर्ट काढून जिथे पडेल तिथे फेकतो. दोमितिला अजून उंबराखाली बसते, नजर कमी झाली तरी. पलीकडच्या किनाऱ्याहून कुणी मासे घेऊन आले की विचारते, "तिकडे थंडी कशी आहे?"

"सरोवराकाठी कसली थंडी, आजी?" ते हसतात.

ती मान हलवते. मग नातू पाण्यावर निघाला की त्याला थांबवते आणि त्याच्या सदऱ्याची बटणे एकेक करून ओढून पाहते. तो म्हणतो, "पुरे आजी, होडी थांबायची नाही." ती पुरे करत नाही. शेवटचे बटण तिच्या हातून सुटेपर्यंत तो वाकून उभा राहतो.